छत्रीबाहेरची माणसं

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक छत्री नजरेसमोर आणा. साधीसुधी नको. चांगली तंबूएवढी, काळीकुट्ट, सगळ्या काड्या ताणून उघडलेली. वरून पाऊस असा कोसळतोय की समोरचं घर दिसत नाही. एवढ्या मोठ्या छत्रीखाली किती माणसं मावतील? निम्मी गल्ली मावेल म्हणाल. पण नीट बघा, खाली एकच माणूस उभा आहे. कोरडा ठणठणीत. त्याच्याभोवती, छत्रीच्या कडेला लागून, माणसांची ही दाटी. डोक्यावर पिशवी धरलेली बाई, पोराला खांद्यावर घेतलेला बाप, ओला चष्मा ओल्याच सदऱ्याला पुसणारा म्हातारा. आभाळातलं पाणी त्यांच्या अंगावर पडतंच आहे, शिवाय छत्रीच्या काडीकाडीवरून निथळणारी धारही त्यांच्याच मानेत उतरते आहे. आणि मधला माणूस स्वतःच्या कोरड्या बुटांकडे बघत विचारतो आहे, "कुठाय पाऊस?"

दिसलं ना? आता डोळे उघडा. हे चित्र खरोखरच एका गावच्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. काढणारा तेव्हा तरणाताठा होता. लोकांना हसवता हसवता चिमटा काढायचा, हा त्याचा धंदा. अशा माणसाला व्यंगचित्रकार म्हणतात. दिवसभर रेघा ओढत बसतो म्हणून कचेरीतल्या लोकांनी त्याचं नाव रेघोबा पाडलं, आणि पुढे घरच्यांच्याही तोंडात तेच बसलं.

छत्रीखालचा माणूस म्हणजे गावचे नगराध्यक्ष. त्या वर्षी नदीकाठची वस्ती पाण्यात गेली होती आणि नगराध्यक्ष सभेत म्हणाले होते, गावात कुणालाही काही त्रास नाही. रेघोबा सभागृहात मागच्या बाकावर बसून ते ऐकत होता. मांडीवर कागद होता. त्यानं नगराध्यक्षांच्या चेहऱ्याकडे बघून बघून रेघा ओढल्या. बारीक डोळे, आत ओढलेले ओठ, आणि बोलताना घड्याळाच्या पट्ट्यावरून फिरणारा अंगठा.

चित्र छापून आलं आणि नगराध्यक्षांना मिरच्या झोंबल्या. संपादकांना बोलावणं गेलं. सभागृहाच्या दारातल्या शिपायाला हुकूम झाला की या रेघा ओढणाऱ्याला आत सोडायचं नाही. पण गावभर लोक चित्र कापून दुकानांच्या काचांना चिकटवत होते, आणि महिन्याभरात नदीकाठी बांध घालायचं काम सुरू झालं. रेघोबा रोज सकाळी तिकडून चक्कर मारून यायचा. दगड मोजणाऱ्या मुकादमानं एकदा त्याला ओळखलं आणि म्हणाला, "तुमच्या छत्रीनं आमची झोप उडवली, राव." रेघोबाला त्या दिवशी जेवणसुद्धा सुचलं नाही, इतका तो खूश होता.

ही झाली जुनी गोष्ट. आता रेघोबा आजोबा झाले आहेत, म्हणून आपणही त्यांना अहो-जाहो करू.

त्यांच्या घरात लेक होती, जावई कामासाठी परगावी असायचा, आणि एक नात होती. या नातीला सगळे खारू म्हणत, कारण आजोबांच्या टेबलावरचे पेन्सिलींचे तुकडे ती खारीसारखी गोळा करून खिशात साठवायची. कपडे धुताना आईच्या हाताला टोकं टोचायची. आई ओरडायची, आजोबा मिशीतल्या मिशीत हसायचे.

सुट्टीच्या दिवशी आजोबा तिला चित्रं शिकवत. खारू एकदा कावळा काढून घेऊन आली. छान गुबगुबीत कावळा होता. आजोबांनी विचारलं, कुठं बघितलास हा? ती म्हणाली, पुस्तकात. आजोबांनी तिला हाताला धरून खिडकीशी उभं केलं. समोरच्या तारेवर कावळा बसला होता, मान वाकडी करून, एका डोळ्यानं यांच्याचकडे बघत.

"चित्र बघून चित्र काढलंस की काय होतं, सांगू?" आजोबा म्हणाले. "पहिल्या वेळी कावळ्याची नखं जातात. दुसऱ्या वेळी चोच बोथट होते. मग एक दिवस तो कावळा राहत नाही, उशी होते. म्हणून आधी बाहेर बघायचं, मग कागदाकडे."

खारूनं बाहेर बघितलं, कागदाकडे बघितलं, पुन्हा बाहेर बघितलं. तिला बघत बसायची सवय लागली ती तिथून.

आता तुम्हाला एक गंमत सांगायची आहे, पण ती हसण्यासारखी नाही. जो नियम आजोबा नातीला शिकवत होते, तो त्यांनी स्वतः कधीच सोडून दिला होता. आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

झालं होतं असं. पहिलं चित्र गाजलं म्हणून संपादकांनी सांगितलं, रोज एक छत्रीवाला द्या. रोज सभागृहात कोण जाणार? शिवाय दारात शिपाई. रेघोबांनी जुनं चित्र टेबलासमोर टाचणीनं लावलं आणि ते बघून नवं काढायला लागले. पाऊस काढायला फार रेघा लागत, छपाईत त्यांचा काळा गठ्ठा व्हायचा. म्हणून पाऊस गेला. पुढे चित्राला मिळणारी जागा कमी झाली, तेव्हा छत्रीबाहेरची माणसं मावेनाशी झाली. पिशवीवाली बाई गेली, पोर घेतलेला बाप गेला, म्हाताऱ्याचा चष्मा तेवढा काही दिवस कोपऱ्यात राहिला, मग तोही गेला. वाचकांना नगराध्यक्षांच्या मिशा आवडायच्या, म्हणून मिशांना वर पीळ पडला. गाल जरा फुगले. डोळे दोन काळे मणी झाले. एकेक बदल इतका लहान की त्यासाठी कुणाशी भांडावं असं काही नव्हतं. कुणी धमकावलं नाही, कुणी हात धरला नाही. रोज थोडं थोडं, हसतखेळत झालं सगळं.

नगराध्यक्ष मात्र हुशार. त्यांनी हे आधी ओळखलं. एके दिवशी त्यांचा फोन आला. रेघोबांना वाटलं, आता कानउघाडणी होणार. पण पलीकडून हसण्याचाच आवाज. नगराध्यक्ष म्हणाले की कालचं चित्र घरात सगळ्यांना फार आवडलं, ते मूळ चित्र मिळेल का? रेघोबांनी चौकट करून पाठवलं. ते नगराध्यक्षांच्या खुर्चीमागं लागलं. पुढच्या निवडणुकीत त्यांनी चिन्ह घेतलं छत्री. लोक म्हणायला लागले, आपला छत्रीवाला. शिपायाला नवा हुकूम झाला की रेघोबा आले तर खुर्ची द्यायची. पण रेघोबांना आता जायची गरजच कुठं होती? छत्रीवाला त्यांच्या हातात बसला होता. डोळे मिटून काढता यायचा.

आणि मग शाळेतल्या मुलांना छत्र्या वाटल्या गेल्या. लालपिवळ्या, प्रत्येकीवर मिशांना पीळ दिलेला गोलमटोल छत्रीवाला. चित्र रेघोबांनीच काढून दिलं होतं. लहान मुलांसाठी आहे, नाही कसं म्हणायचं? खारूकडेही तशी एक छत्री होती. ती तिला जिवापाड जपायची. माझ्या आजोबांनी काढलेले काका आहेत हे, असं ती मैत्रिणींना सांगायची.

खारूच्या शाळेच्या वाटेवर एक कालवा होता. त्यावर पायी जाणाऱ्यांसाठी अरुंद पूल होता, तो कुजला. नगरपालिकेनं दोन्ही तोंडांना बांबू आडवे बांधले आणि पाटी लावली, दुरुस्ती लवकरच. पाटीवरची अक्षरं उन्हानं फिकट झाली, पण दुरुस्ती काही आली नाही. मुलं मोठ्या रस्त्यानं जायला लागली. तो रस्ता ट्रकांचा. कडेला चालायला जागा नाही, एका बाजूला चाकं आणि दुसऱ्या बाजूला चर.

एका सकाळी खारूच्या बाकावरची मैत्रीण ट्रकचा धक्का लागून चरात पडली. जीव वाचला, पाय मोडला. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढलं.

खारू त्या दिवशी शाळेतून आली ती दप्तरासकट आजोबांच्या टेबलापाशी. पूल हवा होता तिला, आणि पूल कसा मिळतो हे तिला ठाऊक होतं. नदीचा बांध कसा झाला ती गोष्ट तिनं आजोबांच्या तोंडून कितीदा तरी ऐकली होती.

"तुम्ही चित्र काढा," ती म्हणाली. "मग ते घाबरतील आणि पूल करतील."

आजोबा त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त वेळ टेबलाशी बसले. मोडका पूल काढला. पुलावर छत्रीवाला काढला. मागे ट्रकांची रांग आणि तिच्यात अडकलेली दप्तरं. त्यांना वाटलं, बऱ्याच दिवसांनी काहीतरी जमलंय.

चित्र छापून आलं. दूधवाला म्हणाला, आज छत्रीवाला काय गोड आलाय. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं आरशावर लावलं. संपादकांनी पाठ थोपटली. दुपारी नगराध्यक्षांचा फोन आला आणि आजोबा पूर्वीसारखे बोलणी खायच्या तयारीनंच उठले. पण नगराध्यक्ष मनापासून हसत होते. मी झकास दिसतो म्हणाले. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर घेऊ म्हणाले. नातीला छत्री मिळाली ना, हेही त्यांनी आठवणीनं विचारलं. पुलाचं नावसुद्धा निघालं नाही, कारण त्या चित्रात पूल आहे हे बहुधा कुणाला दिसलंच नव्हतं.

खारू रोज शाळेतून येताना कालव्याकडे बघून यायची. बांबू तिथंच होते.

सुट्टीच्या दिवशी ती आजोबांना घेऊन मैत्रिणीला बघायला गेली. छोटी खोली, खिडकीशी पलंग, उशांवर ठेवलेला पांढराशुभ्र पाय. मैत्रिणीचा बाप छापखान्यात कामाला होता. त्यानं आजोबांना बघून धडपडत खुर्ची पुढं केली. एवढा मोठा माणूस घरी आला, याचं त्याला अप्रूप. मैत्रीण कंटाळलेली होती. आजोबांना बघून तिचे डोळे चमकले.

"आजोबा, माझ्या प्लास्टरवर छत्रीवाले काका काढा ना."

बाप हसला. म्हणाला, "काढाच. पोरीचा वेळ तरी जाईल."

आजोबांनी खिशातून पेन काढलं. प्लास्टर खरखरीत होतं, पण हात सरावाचा. एक गोल, दोन मणी, मिशांना पीळ, वर छत्री. गप्पा मारता मारता झालंसुद्धा. मैत्रीण टाळ्या पिटायला लागली. आजोबा पेनाचं टोपण लावता लावता मागे सरकले, चित्र कसं दिसतंय ते बघायला. आणि तसेच थांबले.

मोडक्या पायावर नगराध्यक्ष उभे होते. हसत होते.

आजोबांना वाटलं, रुमाल ओला करून पुसून टाकावं. पण पोरगी आईला हाका मारत होती, बघ ना, बघ ना. बाप वाकून कौतुकानं बघत होता. पुसणार कसं? आणि काय सांगून पुसणार? चहा समोर आला, तो त्यांनी तसाच ठेवला.

परतताना खारूनं विचारलं, "आजोबा, तुम्ही काकांना बघून शेवटचं कधी काढलंत?"

आजोबा आठवायला लागले. वर्ष आठवेना. कोण कोण हजर होतं ते आठवेना. त्यांना फक्त टाचणीनं लावलेला कागद आठवला, त्याच्या आधीचा कागद आठवला, आणि त्याच्याही आधीचा.

"उशी झाली गं," ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही. परवा सभा आहे. येशील माझ्याबरोबर?"

सभागृहात खूप काही बदललं होतं. पंखे नवे होते, बाकांना गाद्या आल्या होत्या. शिपायानं पुढची खुर्ची देऊ केली, ती आजोबांनी घेतली नाही. ते खारूला घेऊन मागच्या बाकावर बसले. खारूनं लालपिवळी छत्री मांडीवर आडवी धरली होती. आजोबांनी कागद काढला.

पुलाचा विषय शेवटी आला. मैत्रिणीचा बाप पाहुण्यांच्या बाकावरून उठला. कामावर रजा टाकून आला होता. बोलायची सवय नव्हती, हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं. पण बोलला. पाय मोडला म्हणाला, आज माझ्या मुलीचा, उद्या कुणाचा तरी जीव जाईल म्हणाला. सभागृह शांत झालं. ती शांतता चांगली होती. आजोबांनी ओळखली. पहिली छत्री काढली त्या सभेत अशीच होती.

नगराध्यक्षांनीही ओळखली असावी. त्यांनी खुर्चीला टेकलेली काळी छत्री उचलली आणि भर सभागृहात फट्‌कन उघडून डोक्यावर धरली.

"आता माझं काही खरं नाही," ते म्हणाले. "मागे रेघोबा बसलेत. उद्या मला पुलावरून ढकलणार बघा."

सगळं सभागृह हसलं. नगरसेवक हसले, कारकून हसले, दारातला शिपाई हसला. मैत्रिणीचा बापसुद्धा हसला. आधी नुसते ओठ हलले, मग खरंच हसला, आणि हसता हसता खाली बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं की आपलं बोलणं अजून संपलं नव्हतं. पण पुन्हा उठायचं कसं, हे त्याला कळेना. विषय पुढच्या सभेला ढकलला गेला.

आजोबांना वाटलं, हे हसू आपल्या घरातून आलंय. रोज थोडं थोडं आपणच ते आणून दिलंय. पूर्वी या माणसाला गप्प करणारी छत्री आता तो दुसऱ्यांना गप्प करायला वापरतो, आणि तिच्या काड्या आपणच गोल करून दिल्या, कुणाला टोचू नयेत म्हणून.

त्यांनी पेन टेकवलं. बघून काढायचं ठरवलं. नगराध्यक्षांचे डोळे बघितले आणि कागदावर दोन मणी उमटले. खोडून पुन्हा बघितलं. गाल बघितले, ते आता ओघळले होते, पण कागदावर फुगले. मिशा पांढऱ्या होऊन खाली आल्या होत्या, कागदावर त्यांना पीळ पडला. हात ऐकेना. इतक्या वर्षांची सवय, ती एका दुपारी कशी जाणार? तिसऱ्या वेळी त्यांनी पेन खाली ठेवलं.

खारू पुढे वाकून बघत होती. तिनं आजोबांच्या बाहीला धरलं.

"हे ते काका नाहीत," ती हळूच म्हणाली. "यांचं तोंड हसतंय, पण बाकीचं अंग हसत नाहीये. अंगठा बघा ना."

आजोबांनी बघितलं. उघड्या छत्रीखाली, घड्याळाच्या पट्ट्यावरून, अंगठा फिरत होता. इतकी वर्षं तो तिथंच होता.

त्यांनी वहीतला कोरा कागद फाडून नातीच्या मांडीवर ठेवला.

खारूनं मांडीवरची छत्री बाकाखाली सरकवली. खिशात हात घालून पेन्सिलीचा एक तुकडा काढला, टोक बोटावर तपासलं. तेवढ्यात नगराध्यक्षांचं तिच्याकडे लक्ष गेलं. लहान मुलगी आपलं चित्र काढतेय म्हटल्यावर त्यांनी हनुवटी वर केली, गाल फुगवले, छत्री तिरकी धरली आणि अगदी चित्रातल्यासारखे होऊन तिच्याकडे बघून हसले.

खारूनं पेन्सिल टेकवली नाही. ती नुसती बघत राहिली. ते हसत राहिले, ती बघत राहिली. शेवटी कुणीतरी सहीसाठी कागद पुढं केला, नगराध्यक्षांनी मान वळवली आणि चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

तेव्हा खारू वाकली. कागदाच्या कडेला, जिथं छत्री पोचणार नव्हती, तिथं तिनं आधी पांढऱ्या प्लास्टरमधला एक पाय काढला. मग मान वर केली आणि पुन्हा बघितलं.